वैलाची धग आणि विमानाचे इंधन

इयत्ता सातवी. विषय : सामान्य विज्ञान

उद्देश : वाया जाणारी उष्णता पुन्हा कामास लावता येते, परंतु प्रत्येक वेळी ते किफायतशीर ठरतेच असे नाही, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे.

विषयप्रवेश : शिरूर व दौंड तालुक्यांतील पुष्कळ मुलांनी चुलीशेजारचा वैल पाहिलेला असतो. चुलीवर भाकरी भाजली जात असता उरलेल्या धगीवर वैलावर कालवण शिजते. त्यासाठी निराळे सरपण लागत नाही. गुऱ्हाळातही हीच युक्ती चालते. चुलाणातून धुराड्याकडे जाणाऱ्या तप्त धुराच्या वाटेवर दुसरी काहील मांडली, तर पुढच्या आधणाचा रस आधीच तापतो आणि चिपाड वाचते. शिक्षकांनी येथे विचारावे, ‘लोहगावहून उडणाऱ्या विमानाच्या एंजिनाला असा वैल असतो का?’

विवेचन : जेट एंजिन पुढून हवा ओढून घेते, ती दाबते, तीत इंधन जाळते आणि तप्त वायू मागे फेकते. आधुनिक प्रवासी विमानातही इंधनाच्या ऊर्जेचा अर्ध्याहून कमी भाग विमान पुढे नेण्याच्या कामी येतो. उरलेली ऊर्जा बहुतांशी मागच्या झोताबरोबर निघून जाते.

मग त्या झोतावरच वैल का बसवू नये? याला दोन अडचणी आहेत. पहिली वजनाची. वैल जमिनीवर असतो, विमानातील प्रत्येक वस्तू मात्र इंधन जाळून उचलून न्यावी लागते. दुसरी अडचण अशी की, सायकलला हवा भरताना पंप तापतो, त्याप्रमाणे एंजिनातील हवा दाबली जातानाच कित्येकशे अंश तापलेली असते. तप्त वस्तूला तितक्याच तप्त वस्तूकडून उष्णता मिळत नाही.

तथापि एक लहान वैल विमानात असतोच. एंजिनाचे धारवे व दंतचक्रे यांना वंगण पुरविणारे तेल फार तापते. हे तेल व थंड इंधन बारीक नळ्यांच्या जुडग्यातून एकमेकांजवळून नेतात. दोहोंची मिसळ होत नाही, पण तेलाची उष्णता इंधनास मिळते आणि इंधनाबरोबर पुन्हा एंजिनातच जाते. तेल निवविण्यासाठी बाहेरची हवा आत घ्यावी लागली असती, तर विमानास होणारा हवेचा अडथळा वाढला असता. तोही कमी होतो.

फळ्यावर पुढील हिशोब मांडावा. १ किलोग्रॅम इंधन जळाल्यास सुमारे ४३,००० किलोज्यूल उष्णता मिळते. तेच इंधन १०० अंशांनी तापविण्यास सुमारे २०० किलोज्यूल लागतात. म्हणजे बचत शेकडा अर्ध्याहूनही कमी. परंतु विमान टनावारी इंधन जाळते, म्हणून ही चिमूटभर बचतही मोलाची ठरते. मात्र इंधन फार तापले तर त्याची काजळी धरून बारीक तोट्या तुंबतात. म्हणून मर्यादा पाळावीच लागते.

या नळ्यांवर प्राणही अवलंबून असतात. सुमारे ११ किलोमीटर उंचीवर बाहेरचे तापमान शून्याखाली ५६ अंशांच्या आसपास असते आणि इंधनातील अल्पसे पाणी गोठते. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेल्या बोइंग ७७७ विमानात असा बर्फ एकदम सुटून नळ्यांच्या तोंडाशी अडकला. इंधन कमी पडले आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच उतरले. सर्व माणसे वाचली. पुढे त्या नळ्यांच्या तोंडाची रचना बदलण्यात आली.

प्रयोग : दोन सारख्या भांड्यांत समान पाणी घ्यावे. एक भांडे आधी गरम पाण्याच्या परातीत दहा मिनिटे ठेवावे. नंतर दोन्ही भांडी एकामागून एक त्याच शेगडीवर ठेवून उकळण्यास लागणारा वेळ नोंदवावा. विस्तवाजवळ शिक्षकांनी स्वतः उभे राहावे.

प्रश्न :
१. वैलासाठी वेगळे सरपण का लागत नाही?
२. गुऱ्हाळास परवडणारी दुसरी काहील विमानास का परवडत नाही?
३. आपल्या गावात उष्णता कोठे वाया जाते? त्यांपैकी कोणती वाचविणे परवडेल, ते कारणासह लिहा.