नकाशातलं ‘वर’ आणि घाटावरचं ‘वर’



तिसरीच्या वर्गात रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा लावून मी विचारलं, “चिपळूणच्या वर काय आहे?” मला उत्तर हवं होतं ‘खेड’. एक मुलगा म्हणाला, “घाट.” मी ‘चूक’ म्हटलं आणि पुढे गेले. तो खाली बसला आणि तासभर बोललाच नाही.

घरी गेल्यावर लक्षात आलं, चूक माझी होती. कराडला गेलेल्या माणसाला आपण ‘घाटावर गेलाय’ असंच म्हणतो ना? कुंभार्ली घाट चढून कराडला जायचं, म्हणजे पूर्वेला. मुलाने जमीन वाचली होती, मी कागद वाचत होते. ‘वर म्हणजे उत्तर’ हा कागदाचा संकेत आहे. तो शिकवायचाच, पण जमिनीवरचं ‘वर’ म्हणजे चढ, हे पुसून नव्हे.

आपल्या जिल्ह्याची जुनी विभागणी याच चढावर आहे. समुद्रालगतची सखल पट्टी ती खलाटी. तिथून सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढत जाणारा भाग ती वलाटी. गावातही वरचीवाडी-खालचीवाडी उतारावरूनच ठरते.

हे फक्त कोकणात नाही बरं का! आल्प्स पर्वतातल्या ऑस्ट्रिया या संघराज्यात नऊ घटक राज्यं आहेत (आपल्या जिल्ह्यात तालुकेही नऊच!). त्यांतल्या दोघांच्या नावांचा अर्थ ‘वरचा ऑस्ट्रिया’ आणि ‘खालचा ऑस्ट्रिया’. नकाशात मात्र ती वर-खाली नाहीत, शेजारी-शेजारी आहेत. डॅन्यूब नदी तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. म्हणून पश्चिमेचं राज्य ‘वरचं’ आणि पूर्वेचं ‘खालचं’. अगदी वरच्यावाडीसारखं!

नावांची दुसरी गंमत. मुलं विचारतात, “तालुका संगमेश्वर, मग तहसील कार्यालय देवरुखला कसं?” उत्तर सोपं आहे: नाव आणि मुख्यालय या दोन वेगळ्या गोष्टी. ‘खालच्या ऑस्ट्रिया’चा कारभार तर कित्येक वर्षं व्हिएन्नातून चाले आणि व्हिएन्ना हे स्वतंत्र राज्य! १९८६ साली सांक्ट पोल्टन हे शहर त्याची राजधानी ठरलं.

सीमाही बदलतात. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याआधी रत्नागिरी जिल्हा गोव्याच्या सीमेपर्यंत होता. मालवण-कुडाळकडच्या आजोबांच्या जुन्या दाखल्यावर ‘जिल्हा रत्नागिरी’ दिसला, तर ती चूक नाही, तो इतिहास आहे.

डोंगर आणि नद्या मात्र जागच्या जागी असतात. म्हणून मी आता तालुक्यांची यादी आधी पाठ करून घेत नाही. कोऱ्या नकाशावर मुलं आधी पूर्वेला सह्याद्री काढतात, पश्चिमेला समुद्र. मग उत्तरेकडून दक्षिणेकडे नद्या आणि त्यांच्या खाड्या:

सावित्री – बाणकोट
वाशिष्ठी – दाभोळ
शास्त्री – जयगड
काजळी – भाट्ये
मुचकुंदी – पूर्णगड

त्यानंतर तालुके भरायचे: मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर. चिपळूण वाशिष्ठीवर बसलं की ते पुन्हा विसरत नाहीत.

पालकांसाठी एक छोटं काम. पावसात मुलाला अंगणात उभं करून विचारा, “हे पाणी कुठून आलं, कुठे जाईल?” पन्हळ, पऱ्या, नदी, खाडी, समुद्र असं त्याला सांगू द्या. मग नकाशा हातात द्या.

आणि मूल ‘वर म्हणजे घाट’ म्हणालं, तर ‘चूक’ म्हणू नका. म्हणा, “बरोबर! आता कागदावरचं ‘वर’ कुठलं, ते बघूया.” मी दुसऱ्या दिवशी त्या मुलाला तेच म्हणाले. तो स्वतःहून फळ्यापाशी आला.