पुढाऱ्याची खरी कसोटी

बास्केटबॉल हा पांच-पांच गड्यांचा खेळ. अमेरिकेंतील फीनिक्स शहराच्या 'सन्स' संघाची अवस्था २००३-०४ च्या हंगामांत दीन झाली होती. ८२ सामन्यांपैकीं त्यास अवघे २९ जिंकतां आले. पुढील हंगामांत स्टीव्ह नॅश हा गडी डॅलसच्या संघांतून तेथें आला, आणि सन्सनें ६२ सामने जिंकले.

हें कसें घडलें? नॅशनें सारा भार एकट्यानें वाहिला काय? नाहीं. त्याचे स्वतःचे गुण दर सामन्यास सरासरी १५.५ इतकेच होते. परंतु सोबत्यास नेमका चेंडू देऊन त्याजकडून गुण करविण्याचें काम त्यानें सरासरी ११.५ वेळां केलें. अमारे स्टॉडमायर या सोबत्याची सरासरी २०.६ होती, ती २६ झाली. सोबत्याचा नेम चुकला तरी नॅश त्याच्या हातावर टाळी देऊन त्यास धीर देई. शिक्षक माइक डॅन्टोनी यांची जलद खेळाची पद्धतहि उपयोगीं पडली. २००५ सालीं सॅन अँटोनिओच्या संघानें त्यांस हरविलें व अजिंक्यपद हुकलें. तथापि त्या हंगामांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान नॅशलाच मिळाला.

वाचकहो, आम्हीहि पुष्कळ वर्षें गांवच्या सभेंत सारें आपणच बोलत असूं. एकदां आम्ही तापानें पडलों, आणि सभा भरलीच नाहीं. दोष लोकांचा नव्हता. आम्हीं कोणाच्या हातीं कांहीं दिलेंच नव्हतें. ज्यांजकडे चार माणसांचें पुढारपण आहे, त्यांनीं आपणांस विचारावें: आमच्यामुळें दुसऱ्याचें बळ वाढतें काय?