वाघिणीचं माप

"छपरावर फळी काऊन लावली?"

मामांनी माझी वाघीण हातात घेतली, चष्मा कपाळावर ढकलला आणि पहिला प्रश्न हा विचारला. ते रेल्वेत पॉइंट्समन होते, सगळी नोकरी मीटरगेजवर झालेली. आणि मी तर घरभर सांगून ठेवलं होतं की, ही वाशिमच्या जुन्या यार्डातली मालगाडीची बंद वाघीण आहे, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी. तीन महिने खपलो होतो. फळीचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.

उत्तर खोक्यात होतं. मी अमेरिकन डब्याचं किट मागवलं होतं. बंद डबा तो बंद डबा, रंग दिला की झाला आपला, असं वाटलं. अमेरिकेत पूर्वी ब्रेकवाले धावत्या मालगाडीच्या छपरावरून चालत जाऊन एकेका डब्याचा हातब्रेक आवळत. ती फळी त्यांच्यासाठी. 1966 नंतर तिकडच्या नव्या डब्यांवरूनही ती गेली. आपल्या वाघिणीचा हातब्रेक खाली, बाजूच्या दांडीला. छपरावर कोण कशाला चढेल? तिकडचा दरवाजा सरकतो, आपला बिजागरीवर उघडतो. तिकडच्या जुन्या डब्याच्या भिंती लाकडी पट्ट्यांच्या, आपल्या रिबीट मारलेल्या पत्र्याच्या. आपल्या मीटरगेजला मधोमध एकच बफर आणि त्यातच आकडा. माझ्या वाघिणीत यातलं काहीच नव्हतं.

मामांनी मग खाली पाहिलं. "अन् रूळ इतका रुंद?" हेही खरं. दुकानात सहज मिळतो तो 16.5 मिलिमीटरचा रूळ. त्याला 87 ने गुणा, 1435 येतात. हा युरोप-अमेरिकेचा गेज, आपल्याकडे मेट्रोत दिसतो. आपला ब्रॉडगेज 1676, म्हणजे या प्रमाणात 19 च्या वर. मीटरगेज साडेअकरा, त्यासाठी 12 मिलिमीटरचा रूळ चालतो. आणि पूर्वी कारंज्याहून जाणाऱ्या शकुंतला गाडीचा 762, तिला 9 चा जवळपास बरोबर बसतो. हा गुणाकार चौथीतल्या पोराला येतो. मी तो पैसे मोजून झाल्यावर केला.

सगळ्यात लाज वाटली ती अक्षरांची. भिंतीवर मी झोकात 'एन. एस. आर.' लिहिलं होतं, निजाम स्टेट रेल्वे. पूर्णेकडून येणारी लाइन निजामाची, एवढं ऐकून होतो. पण हिंगोलीच्या पुढे वाशिम-अकोला-खंडवा हा जोड स्वातंत्र्यानंतरचा. निजामाची रेल्वे तर 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वेत विलीन झाली, आणि दक्षिण मध्य रेल्वे निघाली 2 ऑक्टोबर 1966 ला. मामा म्हणाले, "निजामाची गाडी वाशिमले कवा आली बा?" वाघिणीवर आधी साल लिहा, म्हणजे बाकीची अक्षरं आपोआप ठरतात. या जोडामुळे उत्तरेचं आणि दक्षिणेचं मीटरगेज एकमेकांना मिळालं, जयपूरची मीनाक्षी एक्सप्रेस इथूनच जायची. त्यामुळे वाशिमच्या मालगाडीत पश्चिम रेल्वेची वाघीणही शोभते. मला ते सुचलंच नाही. निजाम भारदस्त वाटला.

या चुका पैशाने सुधारता येतात. एक चूक येत नाही.

स्टेशनाजवळ चाकं काढलेली एक जुनी बंद वाघीण गुदाम म्हणून पडून होती. मी तिच्यासमोरून शेकडो वेळा गेलो. पुढच्या रविवारी टेप घेऊन येऊ, असं दरवेळी ठरवलं. 2008 मध्ये ब्रॉडगेज आलं आणि त्या गडबडीत ती वाघीण कधी भंगारात गेली, मला कळलंही नाही. आठवणीवरून काढलेल्या माझ्या चित्रात तिचा दरवाजा दर वर्षी थोडा रुंद होतो.

म्हणून सांगतो. किट मागवण्याआधी टेप घ्या. रुळांवर मात्र परस्पर जाऊ नका. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे. स्टेशन मास्तरांना भेटून काय करायचंय ते नीट सांगा. लांबी-रुंदी सगळेच घेतात, पण टोकाची भिंत, छपराचा बाक आणि रिबिटांच्या दोन ओळींमधलं अंतर विसरतात. वाघीण नसेल तर फोटो. डबा मागून काढलेला असेल तर रुळांमधलं अंतर हीच तुमची पट्टी, मीटरगेजला बरोबर 1000. थोडा फरक पडतो, पण आठवणीपेक्षा बरा.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात खरे डबे जवळून पाहता येतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी 1998 मध्ये उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे सगळं चालतं-फिरतं, पोरांना न्याच. मी तिथे गेलो, पण हेही चुका करून झाल्यावर.

दुसरी वाघीण मी किटशिवाय करतोय. भिंतीला लग्नपत्रिकेचा जाड कागद. मागून कंपासच्या टोकाने हलका दाब दिला की पुढे रिबीट उठतं. जोर जास्त झाला की भोक पडतं, आणि पत्रिका वाया. आमच्या भागात लग्नसराई दांडगी, तेवढी एक सोय आहे.

ही दुसरी वाघीण अर्धी होऊन थांबली आहे, कारण टोकाच्या भिंतीचं माप नाही. तुमच्या घरी वाशिम स्टेशनवर काढलेला निरोपाचा, बदलीचा, वरातीचा जुना फोटो असेल, तर माणसांच्या मागे बघा. वाघिणीचं टोक दिसलं तर तो फोटो टाकू नका.