खंडाळ्याचं उलटं स्टेशन

आमच्या आजऱ्याला रेल्वे नाही. मुंबईला जायचं तर आधी एस.टी.नं कोल्हापूर गाठायचं आणि मग महालक्ष्मी एक्सप्रेस. ती बोरघाट उतरते तेव्हा डब्यात सगळे गाढ झोपलेले असतात. पण मित्रांनो, एकेकाळी याच घाटात गाडीला एका स्टेशनवर थांबून चक्क तोंड फिरवावं लागायचं! खंडाळ्याखालच्या त्या स्टेशनचं नावच ‘रिव्हर्सिंग स्टेशन’.

आता थोडं गणित. घाटाची चढण कर्जतजवळच्या पळसदरीपासून सुरू व्हायची. लांबी सुमारे २५.५ किलोमीटर, उंची १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर. भागाकार केला की सरासरी चढ १:४६ येतो. सर्वात अवघड जागी तो १:३७ होता. लोखंडी चाक, लोखंडी रूळ, घर्षण कमी. त्यामुळे याहून खडा चढ घेणं धोक्याचं. चढ सौम्य करायचा तर मार्ग लांबवायला हवा, आणि डोंगराच्या सोंडेवर मोठं वळण घ्यायला जागा कुठे? मुख्य इंजिनीअर जेम्स बर्कले यांनी वळणच टाळलं. गाडी सोंडेच्या टोकाशी यायची, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागायचं आणि शेवटचा डबा पहिला होऊन गाडी पुढे निघायची. सिंपल! पण उतरताना ब्रेक लागला नाही तर? जानेवारी १८६९ मध्ये तेच झालं, आणि ताबा सुटलेल्या गाडीला इथेच अपघात झाला.

खंडाळा-पुणे गाडी १८५८ मध्येच सुरू झाली होती, पण मधला घाट लोक पालखीतून नाहीतर तट्टावरून पार करायचे. घाटाचं काम १८५६ ते १८६३ चाललं. २५ बोगदे! १८६१ मध्ये ४२ हजारांवर मजूर कामावर होते. मजुरी थकली म्हणून १८५९ मध्ये दंगा झाला, पहिल्या कंत्राटदारानं काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांत वारला. मग त्याची बायको अॅलिस हिनं कंत्राट पुरं केलं (आमच्या वर्गात मुली किती, ते मोजा एकदा). बर्कले तर उद्घाटनाआधीच, १८६२ मध्ये गेले. पटकीनं आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. बर्कले, ट्रेडवेल ही नावं राहिली, मजुरांचा फक्त आकडा.

मला वाटायचं, स्टेशन ओस पडतं ते दुर्लक्षामुळे. इथे तसं नाही. १९२८-२९ मध्ये मार्ग बदलला, तोंड फिरवायची गरजच संपली. ५ नोव्हेंबर १९२९ ला कल्याण-पुणे वीज आली. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या विजेच्या इंजिनाला रेल्वेवाले ‘खेकडा’ म्हणायचे!

चढ मात्र अजून आहेच. पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. सुट्टी संपवून येताना कर्जतला पाठीमागून हलका धक्का बसला की समजा, बँकर लागला. वडापाव तेवढ्यात घेऊन ठेवा.