एकाच रांगेत उभे करण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या क्रीडादिनी दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी शंभर मीटरची स्वतंत्र शर्यत मी आग्रहाने ठेवली होती. धावणारे दोघेच. एकाचा हात कोपरापासून अधू, दुसऱ्याचा पाय लहानपणापासून बारीक राहिलेला. दोघांच्याही प्रमाणपत्रांवर दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या वर, म्हणून मी त्यांना एका रांगेत उभे केले. निकाल शिट्टी वाजण्यापूर्वीच ठरलेला होता. टाळ्या दोघांनाही मिळाल्या. परंतु पायाने अधू असलेला तो मुलगा पुन्हा मैदानावर उतरला नाही. चूक माझी होती आणि ती उमगायला मला बराच काळ लागला.

'वर्गीकरण' या शब्दाविषयी आपल्या मनात संशय असतो, तो अकारण नाही. जन्मावरून माणसांच्या पायऱ्या लावणारी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी भोगली. तेथे तपासणी नव्हती, दाद नव्हती, पायरी बदलण्याची सोय नव्हती. क्रीडेतील वर्गीकरण याच्या नेमके उलट असावे लागते. ते प्रत्यक्ष शरीर व हालचाल तपासून होते, त्यावर हरकत घेता येते आणि फेरतपासणीही होते.

सेरेब्रल पाल्सी फुटबॉलचे उदाहरण पाहू. मेंदूला इजा झाल्याने स्नायू ताठर झालेले, तोल जाणारे किंवा अवयव आपोआप हलणारे खेळाडू हा खेळ खेळतात. संघात सात जण, ऑफसाइड नाही, थ्रो-इन एका हाताने चेंडू घरंगळत टाकूनही करता येते. १९८४ पासून २०१६ पर्यंत हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये होता. पूर्वी त्याचे सी-५ ते सी-८ असे वर्ग होते. २०१८ पासून एफटी-१, एफटी-२ आणि एफटी-३ असे तीन आहेत. एफटी-१ मध्ये खेळावरील परिणाम सर्वाधिक, एफटी-३ मध्ये सर्वांत कमी. मैदानावर किमान एक एफटी-१ खेळाडू असलाच पाहिजे आणि एफटी-३ चा एकाहून अधिक चालत नाही. हा नियम नसता तर प्रत्येक प्रशिक्षकाने सौम्य परिणाम असलेलेच सात जण निवडले असते आणि ज्यांच्यासाठी खेळ सुरू झाला ते बाकावर बसले असते. राखीव जागेचा अर्थ आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

मात्र तपासणारे पारखी हवेत. ज्या खेळाडूमुळे संघाला लाभ होतो, त्याने आहे त्याहून अधिक अधू दिसण्याचा मोह असतोच. उलट बाजूने, कसून सराव करून चपळ झालेल्याला केवळ त्या चपळाईमुळे वरच्या वर्गात ढकलणे हाही अन्यायच. म्हणून वैद्यकीय तपासणीबरोबर मैदानावरील निरीक्षणही होते. वर्गीकरण फसले की काय होते, हे २००० साली सिडनीत दिसले. बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉलमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या स्पेनच्या बारापैकी दहा खेळाडूंना तसे दिव्यांगत्व नव्हतेच. पुढे जगभरच्या खऱ्या बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना पॅरालिम्पिकची दारे बंद झाली. ती २०१२ साली लंडनमध्ये उघडली.

आता आपल्याकडे येऊ. सांगली जिल्ह्यातील करगणीचे सचिन खिलारी यांचा हात बालपणीच्या अपघातात अधू झाला. पॅरिसमध्ये ४ सप्टेंबर २०२४ रोजी एफ-४६ वर्गात त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले. सुवर्ण सहा सेंटिमीटरने हुकले. इतकी अटीतटी होते, कारण स्पर्धक खरोखर तुल्यबळ असतात. हा वर्ग टक्केवारीवरून ठरत नाही. २०१६ च्या कायद्यातील ४० टक्क्यांची अट सवलतींसाठी आहे. अमुक खेळात हा मनुष्य कितपत अडतो, हे ती सांगत नाही. कुबड्यांवर खेळल्या जाणाऱ्या अ‍ॅम्प्युटी फुटबॉलमध्ये एक पाय नसलेले मैदानात खेळतात आणि एक हात नसलेला गोलरक्षक होतो. हात आणि पाय यांतला हा साधा भेद मी त्या दिवशी पाहिला नाही.

तो मुलगा आता मोलगीच्या बाजारात दुकान चालवतो. भेटला की "बसा सर, चहा सांगतो" म्हणतो. त्या शर्यतीचा विषय त्याने कधी काढलेला नाही.