पाठ ७ : रोममधला एक दिवस

मुलांनो, मागच्या पाठात आपण कोकणातल्या आपल्या सणांची जुनी मराठी नावे शिकलो : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. त्यांतल्या शेवटच्या सणाची आठवण मला इटलीची राजधानी रोम येथे आली. नात आणि मी तिथे एक दिवस पायी फिरलो. त्या दिवसाची ही हकीकत.

सकाळी सातलाच आम्ही त्रेवीच्या कारंज्यापाशी पोचलो, कारण पुढे तिथे मुंगी शिरायला जागा राहत नाही. हे कारंजे १७६२ मध्ये पूर्ण झाले. पण त्याला पाणी पुरवणारा मूळ पाट इ.स.पू. १९ मध्ये आग्रिप्पा नावाच्या सेनापतीने बांधला. कारंज्याकडे पाठ करून खांद्यावरून नाणे टाकले की माणूस पुन्हा रोमला येतो, असे म्हणतात. नातीने नाणे टाकले. ही नाणी गोळा करून गोरगरिबांसाठी खर्च करतात, हे कळल्यावर मीही एक टाकले.

तिथून पँथिऑन पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे. त्याचा घुमट पाहताना मान दुखते. तो ४३ मीटर रुंद आहे, आणि जमिनीपासून त्याच्या माथ्यापर्यंतची उंचीही तितकीच. त्यात लोखंडी सळई एकही नाही, तरी तो सुमारे एकोणीसशे वर्षे उभा आहे. मधोमध मोठे उघडे भोक आहे. पाऊस सरळ आत येतो आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. हे मंदिर आज दिसते तसे बांधवले सम्राट हेड्रियनने. हाच तो हेड्रियन, ज्याच्याविरुद्ध बार कोखबाने १३२ मध्ये बंड केले. यरुशलेमचे नाव पुसून ‘एलिया कापितोलिना’ हे नाव देणाराही हाच.

दुपारी आम्ही तिबर नदीकाठच्या जुन्या यहुदी वस्तीत गेलो. रोमचे यहुदी इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून तिथे आहेत, म्हणजे यरुशलेमचे दुसरे मंदिर उभे होते तेव्हापासून. त्यांची प्रार्थनेची रीत अश्केनाझी नाही आणि सेफार्दीही नाही. ती त्यांची स्वतःची आहे. “आपल्यासारखेच की!” नात म्हणाली. मला बरे वाटले.

पण त्यांचे नशीब आपल्यासारखे नव्हते. कोकणात आपल्या पूर्वजांनी घाणा चालवला, शनिवारी तो बंद ठेवला, आणि शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यापलीकडे त्रास दिला नाही. रोममध्ये १५५५ साली पोपच्या हुकमाने यहुद्यांना भिंतीआड कोंडले. रात्री दारांना कुलपे पडत. ही वस्तीची सक्ती १८७० मध्ये कायमची संपली. पुढे सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मनांनी त्यांच्याकडे छत्तीस तासांत पन्नास किलो सोने मागितले. लोकांनी अंगठ्या, साखळ्या दिल्या आणि सोने भरले. तरीही १६ ऑक्टोबरला पहाटे सैनिक घरोघर आले. एक हजाराहून अधिक माणसांना ऑश्विट्झला नेले. परत आले फक्त सोळा. आज तिथल्या अनेक दारांपुढे जमिनीत पितळी फरश्या बसवल्या आहेत, एकेका फरशीवर एकेक नाव. नात वाकून नावे वाचत होती. मी तिला घाई केली नाही.

दिवस कलताना आम्ही कोलोसियमजवळ आलो. सुमारे पन्नास हजार प्रेक्षक बसतील एवढी ही रंगभूमी सम्राट टायटसने इ.स. ८० मध्ये खुली केली. यरुशलेमच्या लुटीचा पैसा तिच्या बांधकामात गेला, असे तिथल्या एका शिलालेखावरून अभ्यासक मानतात. त्याच टायटसने इ.स. ७० मध्ये आपले मंदिर जाळले.

तिथून थोडे चढून गेले की टायटसची कमान. कमानीच्या आतल्या बाजूला विजयाची मिरवणूक कोरली आहे. डोक्यावर पानांचे मुकुट घातलेले सैनिक मंदिरातल्या वस्तू खांद्यावर वाहून नेत आहेत : भाकरींचे मेज, रुपेरी कर्णे, आणि सात फांद्यांचा मेनोरा. माणसांचे चेहरे झिजले आहेत. मेनोरा स्पष्ट आहे. त्यावर एके काळी पिवळा रंग होता, हे २०१२ मध्ये तपासणीत आढळले.

नातीने पिशवीतून आपला इस्राएलचा पासपोर्ट काढला आणि कमानीसमोर धरला. पासपोर्टवर तोच मेनोरा! १९४९ मध्ये आपल्या राज्याचे चिन्ह ठरले, ते या कोरीवकामावरूनच.

“आजी, म्हणजे हे चोरीचं चित्र आहे?”

“हो. आणि चोरणाऱ्यानंच काढून ठेवलंय.”

रोमचे यहुदी या कमानीखालून जात नसत. १९४७ च्या अखेरीस इस्राएल राज्याचा ठराव झाला, तेव्हा मात्र ते मुद्दाम इथे जमले. आम्ही दोघी बाजूलाच उभ्या राहिलो. नातीने विचारले, “आपल्या कोकणातल्या लोकांना हे कसं कळलं? ते तर इथं नव्हते.”

तेव्हा मी तिला माझ्या आजीचे सांगितले. आजी अलिबागजवळच्या खेड्यातली. तिने टायटसचे नाव ऐकले नव्हते, रोम कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हते. पण आब महिना आला की घरात मटण बंद होई. नवमीच्या दोन दिवस आधी ती वाल भिजत घाली, फडक्यात बांधून मोड आणी, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोली. दिवसभर उपास, आणि संध्याकाळी केळीच्या पानावर बिरडे. आम्ही कारण विचारले तर म्हणे, “आपलं मंदिर जळलं तो दिवस.” एवढेच.

नात म्हणाली, “तिशा बआव मला माहीत आहे. बिरडं तू कधी केलं नाहीस.”

तिचे खरे होते. इथे वाल सहज मिळत नाहीत म्हणून मी सोडून दिले, आणि नावही घरात उच्चारले नाही. रोमची कमान कोणी जपली नाही तरी बराच काळ टिकेल. बिरडे दरवर्षी कोणीतरी भिजत घालावे लागते. यंदा आम्ही दोघींनी मिळून वाल सोलले. तिची बोटे दुखली, तरी तिने वाटी पुरी केली.

शब्दार्थ
हकीकत – घडलेली गोष्ट
पाट – पाणी नेण्याचा बांधलेला मार्ग
घाणा – तेल काढण्याचे यंत्र
लूट – लढाईत हिसकावून आणलेला माल
बिरडे – मोड आणून सोललेले वाल व त्यांची उसळ

स्वाध्याय
१. टायटसच्या कमानीवर कोणत्या वस्तू कोरल्या आहेत?
२. रोमचे यहुदी आणि बेने इस्राएल यांच्यातले एक साम्य व एक फरक सांगा.
३. ‘मुंगी शिरायला जागा नसणे’ याचा वाक्यात उपयोग करा.
४. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : त्यांच्या लहानपणी बिरड्याचा सण कसा होत असे? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत मराठीत लिहून आणा.