थोर लावायचा तर वाळवून लाव

बाबू, दर्यापूरच्या वावराच्या धुऱ्यावर थोर लावायचा म्हणतोस ना, मग आधी थोरच आणतोयस याची खात्री कर. पांदणीला चपट्या फड्यांचं जे दिसतं ते फड्या निवडुंग. ते मूळचं अमेरिकेतलं, त्याचं कूळच वेगळं. थोराच्या फांद्या बोथट पाच कडांच्या, काटे जोडीजोडीनं आलेले, शेंड्याला जाडसर हिरवी पानं. ओळखायची खूण एकच: नखानं जरा ओरखडलं की पांढरंशुभ्र दूध येतं. फड्यातून ते येत नाही. वैद्य ज्याला स्नुही म्हणतात आणि वनस्पतिशास्त्रात युफोर्बिया नेरीफोलिया, तो हाच.

फांदी वैशाखात तोड. हातभर लांबीची, बोटापेक्षा जाड, कोवळी नको. तोडल्याबरोबर कापलेलं टोक पाण्यात बुडव, दूध थांबेल. मग राखेत टेकवून सावलीत आडवी ठेव. आठ-दहा दिवस तिच्याकडे पाहूच नको. कापलेल्या जागी कोरडी, टणक खपली धरली पाहिजे. अंगठ्यानं दाबली तर ओल लागता कामा नये. लोक इथंच घाई करतात. ओली फांदी ओल्या मातीत खुपसतात आणि पंधरा दिवसांत ती खालून काळी पडून लोळते. मग म्हणतात, आमच्या जमिनीत थोर येत नाही.

जमिनीचंही सांगतो. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा म्हणजे खोल काळी, चिकण माती. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून मुळं तोडते. कपाशीला ती चालते, थोराला नाही. त्याला बरड, मुरमाड जागा आवडते. म्हणून सब्बलीनं हातभर खड्डा घे, तळाला मुरूम टाक, मातीत निम्मा मुरूम मिसळ आणि धुऱ्याची ती जागा वीतभर उंच कर, म्हणजे पाणी तिथं साचणार नाही. दोन फांद्यांमध्ये हातभर अंतर ठेव. मे सरताना लाव, पाणी घालू नको. मिरगाचा पाऊस पडला की आपोआप मुळ्या फुटतात. तोवर जनावरांनी हलवू नये म्हणून बाभळीच्या फांद्या आडव्या टाक.

एक स्पष्टच सांगतो. थोरानं शेळ्या आणि गुरं अडतात, रोही अडत नाही. तो उडी मारून आत येतो. रानडुक्करही कोवळ्या कुंपणातून वाट काढतं. त्यांच्यासाठी वेगळा बंदोबस्त करावाच लागेल.

घरी कुंडीत लावायचा असेल तर माती, जाड वाळू आणि विटांचा चुरा सारखे घे, आणि कुंडीचं भोक मोकळं ठेव. काडी खोल खुपसून बघ, कोरडी निघाली तरच पाणी दे. हिवाळ्यात पंधरवड्यातून एकदा पुरे. अकोल्यात उन्हाळ्यात कूलरखाली कुंड्या ठेवायची पद्धत आहे, ती थोरासाठी सोड. टपकत्या पाण्यानं बूड कुजतं. शिवाय कूलरच्या टाकीतलं पाणी उडून उडून खारट होतं, आपल्याकडे तर ते आधीच खारं. पावसाचं पाणी साठवलंस तर उत्तम. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं पुसून काढ. थंडीनंतर पानं गळाली तर घाबरू नको, ती गळणारच. खोड कडक आहे ना, एवढंच बघ. बुडाशी मऊ पडलं तर वरची निरोगी फांदी पांढरा, स्वच्छ गर दिसेपर्यंत कापून घे, वाळव आणि नव्यानं लाव.

आता दुधाचं. हे दूध डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते, आणि त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो. कापताना चष्मा घाल, पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, वाऱ्याकडे तोंड करू नको. हात साबणानं धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नको, कोयताही धुऊन ठेव. तरी उडालंच तर डोळा न चोळता पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धर आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, दुखणं थांबलं तरी. हे पोराबाळांना आणि मजुरांनाही सांगून ठेव.

घरचं औषध म्हणून तर हे दूध मुळीच वापरू नको. भगंदरावरचं क्षारसूत्र याच दुधाचं असतं हे खरं. त्यात धाग्याला एकवीस पुटं देतात: आधी अकरा नुसत्या दुधाची, मग सात दूध आणि आघाड्याच्या क्षाराची, शेवटी तीन दूध आणि हळदीची. ते शिकलेल्या वैद्याचं काम आहे. काही घरांत पान गरम करून रस कानात पिळतात, तेही करू नको.

कुंपण वाढलं की छाटणी हिवाळ्यात, कोरड्या हवेत कर, पावसात नाही. छाटलेल्या फांद्या धुऱ्यावर पडू देऊ नकोस. चांगल्या असतील त्या वाळवून पडलेल्या खिंडारात लाव, बाकीच्या खड्ड्यात पूर. जाळू नको, धूर डोळ्यांना झोंबतो.